हत्ती दमला

आमचा मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. ऐकू येत होतं. कुकरची शिट्टी झाली की तो स्वयंपाकघराकडं धावायचा, आणि कानांची तपासणी करून घेतली तेव्हाही त्यात काही निघालं नव्हतं. काही पाहिजे असलं की आमचं बोट धरून तो आम्हाला फ्रिजपाशी नेऊन उभं करायचा, नाहीतर दाराकडं ओढायचा. पण आई नाही, बाबा नाही, पाणी नाही. तोंडातून शब्द म्हणून काही येत नव्हतं.

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला होतो, बायको एका शाळेच्या ऑफिसात. घरात तिसरं कुणी नव्हतं, म्हणून मी साहेबांना सांगून कायमची रात्रपाळी मागून घेतली होती. सकाळी कंपनीची बस मला मुकुंदवाडीला सोडायची. जिना चढून वर यावं तर बायको खांद्याला पर्स लावून दारातच उभी. ती दुपारी परत येईपर्यंत मुलगा माझ्याकडं. ती आली की मी झोपायचो. त्या काळात आमचं नवराबायकोचं बोलणं बहुतेक दारातच व्हायचं.

"खाल्लं का त्यानं?"

"अर्धी पोळी."

"काही बोलला?"

"नाही."

हा शेवटचा प्रश्न ती रोज विचारायची, आणि चप्पल काढता काढता विचारायची, म्हणजे माझ्याकडं बघावं लागू नये.

मुलांच्या डॉक्टरांनी आम्हाला स्पीच थेरपीच्या एका मॅडमकडं पाठवलं. मॅडमनी त्याच्याशी तासभर खेळून घेतलं आणि मग आमच्याकडं वळून म्हणाल्या, "मोबाईल पूर्ण बंद करा. आणि चित्रांची पुस्तकं आणा."

"तो काय वाचणार मॅडम?"

"वाचायचं नाहीच. बघायचं. तुम्ही बोलायचं, त्यानं ऐकायचं. आणि एक करू नका. 'हे काय, ते काय' असं विचारू नका. मुलांना परीक्षा घेतल्यासारखं वाटतं. तुम्हीच सांगत राहा."

पुस्तक कसं असावं तेही त्यांनी सांगितलं. पानं जाड, म्हणजे फाटणार नाहीत. एका पानावर फार गर्दी नको. चित्रं त्याच्या रोजच्या बघण्यातली. अक्षरं नसली तर उत्तमच, कारण अक्षरं असली की मोठी माणसं तीच वाचत बसतात आणि मुलाकडं बघत नाहीत. आणि रोज नवं नको, एकच पुस्तक पुन्हा पुन्हा.

पुढच्या सुट्टीला मी शहागंजात गेलो. वह्या, कंपास, खेळणी सगळं एकत्र विकणारं दुकान होतं. दुकानदार चाचांनी माझ्यासमोर दहाबारा पुस्तकं पसरली. सगळीकडं ए, बी, सी, डी, नाहीतर बाराखडी, नाहीतर पाढे.

"चाचा, नुसती चित्रं पाहिजेत. लिहिलेलं काही नको."

"पढने को कुछच नहीं, तो किताब किस बात की?" त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं. "बच्चा कितना बडा है?"

"अडीच वर्षांचा. बोलत नाही अजून."

पसरलेली पुस्तकं चाचांनी एकेक करून परत लावली आणि म्हणाले, "बोलेगा, बोलेगा. औरंगपुरे में देखो, उधर मिलेगा."

औरंगपुऱ्यात मिळालं. चौकोनी, जाड पुठ्ठ्याचं, आत एक अक्षर नाही. पहिल्या पानावर स्टँडवर उभी असलेली बस. मग चुलीपुढं भाकरी थापणारी बाई, झाडाखाली मेंढ्या, नदीत बसलेला हत्ती, भाजीवाल्याची गाडी, आणि शेवटच्या पानावर पायरीवर झोपलेलं कुत्रं. घरी आणल्यावर मुलानं आधी त्याचा कोपरा चावून बघितला.

रोज सकाळी बायको गेली की मी खाली सतरंजीवर बसायचो, त्याला मांडीत घ्यायचो आणि सुरू करायचो. "ही बस. लाल बस. बस चालली पोंऽ पोंऽ." आवाज काढायचो, हात हलवायचो. तो ऐकायचा की नाही कळायचं नाही. पान मात्र तो स्वतः उलटायचा, आणि त्याला पाहिजे तेव्हाच. मी हत्तीवर असलो की हा कुत्र्यावर. शेवट आला की पुस्तक परत माझ्या हातात. पुन्हा बस. पुन्हा पोंऽ पोंऽ. रात्रभर मशीनपुढं उभं राहून आलेल्या माणसाला हत्तीचा आवाज काढायचा म्हणजे काय असतं, ते ज्यानं काढला त्यालाच ठाऊक. कधी कधी बोलता बोलता माझे डोळे मिटायचे. मग तो पुस्तकाची कड माझ्या हनुवटीवर आपटायचा.

महिनाभरात काही झालं नाही. बायको म्हणायची, "तू नीट बोलतोस ना त्याच्याशी?" मी म्हणायचो, "तूच बोलून बघ मग." तीही संध्याकाळी स्वयंपाक आटोपून बसायची त्याच्याजवळ. तीही थकलेली. नळाला पाणी यायचं असलं तर त्या दिवशी तेही राहून जायचं.

अशात गावाहून वडील आले. आमचं गाव खुलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. वडिलांचा जन्म मेंढ्यांमागं गेलेला. आता कळप उरला नाही, थोडी शेती आहे. ते दोन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसमधून उतरून घरी आलो तर नातू त्यांच्या मांडीत आणि मेंढ्यांचं पान उघडलेलं. वडील काही सांगत नव्हते. मेंढ्या वळवताना काढतात तसा आवाज टाळूला जीभ लावून काढत होते, टक् टक् टक्, आणि मध्येच हुर्रर्र. मुलगा त्यांच्या तोंडात बोट घालून जीभ शोधत होता. आणि मग त्यानंही केलं. टक्.

मी दारातच उभा राहिलो.

"अण्णा, त्यानं केलं?"

"व्हय. मघापासून करतोय."

"बोलेल ना तो?"

"तुला लई घाई," वडील म्हणाले. "तू बी उशिराच बोलला. तुझ्या आईनं देव पाण्यात घातले व्हते. बोलला तवा थांबना." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "तू झोपतो कवा पण?"

त्यांनी मला आत पाठवलं. त्या दिवशी मी भर सकाळी झोपलो, कित्येक महिन्यांनी.

वडील गेले. टक् टक् राहिलं. मॅडम म्हणाल्या, आवाजाची नक्कल ही चांगली खूण आहे, चालू ठेवा. मी चालू ठेवलं, पण माझ्यातच काही शिल्लक नव्हतं. कारखान्यात काम वाढलं होतं, सुट्टीच्या रात्रीही पाळी लागत होती. एका सकाळी सतरंजीवर बसलो, पुस्तक उघडलं आणि पोंऽ पोंऽ करायला तोंडच उघडेना. मुलगा वाट बघत होता. मी बसवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "बस दमली." त्यानं पान उलटलं. "बाई दमली. सकाळपासून भाकऱ्या करतेय." मेंढ्या. "मेंढ्या पण दमल्या." हत्ती. "हत्ती दमला. म्हणून पाण्यात बसला." हळू आवाजात, जसं सुचेल तसं. कुत्र्याजवळ आल्यावर काही शोधायची गरजच नव्हती. "कुत्रं दमलं, झोपलं."

त्या दिवशी तो पहिल्यांदा पानं न उडवता शेवटपर्यंत बसला. कदाचित मी आरडाओरडा करत नव्हतो म्हणून असेल. दुसऱ्या दिवशीही मी तेच केलं, आणि मग तेच होऊन बसलं. मॅडमना सांगितलं नाही. हत्तीचा आवाज काढण्यापेक्षा हे सोपं होतं, एवढंच.

मग एका दुपारी मी झोपलो होतो आणि बायको मला गदागदा हलवून उठवत होती. मला वाटलं मुलाला काही झालं. मी धडपडत उठलो.

"तो बोलला!" ती म्हणाली.

"काय बोलला?"

"मी याला घेऊन दारात उभी होते. तू झोपलेला. यानं तुझ्याकडं बोट केलं आणि म्हणाला, दम्मा."

"मम्मा म्हणाला असेल."

"नाही रे. दम्मा. दोनदा म्हणाला. याचा अर्थ काय?"

मी पुस्तक घेऊन आलो. हत्तीचं पान उघडून तिला सांगितलं, दम्मा म्हणजे दमला, मी त्याला रोज हेच सांगतो. सांगितल्यावर ती आधी हसली, मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. मुलगा आमच्या दोघांकडं बघत होता. मी त्याला जवळ घेतलं. "म्हण बाळा, म्हण ना पुन्हा." तो माझ्या शर्टाच्या गुंडीशी खेळत राहिला. तो शब्द मी ऐकलाच नव्हता. झोपेत घोरत होतो.

पुढं बरेच दिवस तो गप्प होता. मला तर बायकोला भास झाला असावा असंही वाटायला लागलं. मग एकदा मीच पुस्तक पुढ्यात घेऊन पेंगत असताना त्यानं हत्तीवर बोट ठेवलं आणि स्पष्ट म्हणाला, "दम्मा." मी खाडकन जागा झालो. मग बसही दम्मा, भाजीवाला दम्मा, खाली पाण्याचा टँकर उभा राहिला तर तोही दम्मा. मॅडमना शेवटी सगळं सांगावं लागलं. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "शब्द तो शब्द. पण आता एखादा आनंदाचा पण शिकवा."

बाकीचे शब्द हळूहळू आले. पाणी आलं, आई आलं, 'नको' आलं आणि मग दुसरं काही ऐकूच येईना. आता तो बालवाडीत जातो. 'र' अजून येत नाही, रस्त्याला लस्ता म्हणतो. अण्णा म्हणाले होते तसंच झालंय, तो थांबत नाही. मी अजून रात्रपाळीतच आहे.

परवा परतीच्या बसमध्ये शेजारी आमच्या विभागातला एक जण बसला होता. त्याची मुलगी दोन वर्षांची झाली, बोलत नाही. कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं होतं.

"दादा, कोणतं पुस्तक आणू? नाव सांगा, आजच आणतो."

मी त्याला जाड पानं सांगितली, अक्षरं नकोत म्हणालो, प्रश्न विचारू नको म्हणालो. तो मोबाईलमध्ये टिपून घेत होता. मग म्हणालो, "आणि तुला स्वतःला बघवेल असं आण. तिला एकदा आवडलं की तेच तुला रोज बघायचंय."

"आणि ती बोलेल ना?"

"आमचा बोलला," मी म्हणालो. "तुझ्या मुलीचं मला कसं सांगता येईल? मॅडमकडं घेऊन जा."

त्यानं मान हलवली. फोन खिशात ठेवला आणि डोकं खिडकीच्या काचेला टेकवलं. चिकलठाण्याच्या आधीच त्याला झोप लागली होती. त्याचा थांबा आला तेव्हा मी त्याला हलवून उठवलं.