ऑइल पेंटचा वास

देवराज मोहल्ल्यात अंबूताईंच्या नाकाला सगळे वचकून असत. दुधवाल्यानं कालचं दूध आजच्यात मिसळलं, कॉफीपुडीत चिकोरी जास्त पडली, तुपात काही भलतंच आलं, की बाईंनी जिन्नस नाकाशी धरून तिथल्या तिथं परत केलाच म्हणून समजा. कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा स्वभावच.

खरं सांगायचं तर ते नाक मागं एका तापात गेलं ते गेलंच. मोगरा कळेना की हिंग कळेना. बाईंनी हे कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. त्यांनी हुंगायची सवय सोडली नाही आणि दुकानदारांनी घाबरायची, म्हणून आजवर निभावलं.

आणि सांगणार तरी कशा? गल्लीतल्या विठ्ठलमंदिराचा द्वादशीचा नैवेद्य त्यांच्या हातचा असे. नवरा खाली दुकानात शिलाईचं मशीन चालवत होता तेव्हापासूनचा मान हा. नैवेद्य देवाआधी जिभेला लावायचा नसतो. फोडणी बसली की जळली, पायस खाली लागलं की काय, हे आपण होऊन येणाऱ्या वासावरूनच ओळखायचं. नाक नाही म्हटल्यावर नैवेद्य दुसऱ्या घरी जाणार, आणि मुलगा सात्विक असा भित्रा की आईला गॅसपाशी फिरकूसुद्धा देणार नाही. मग बाईंच्या हाती उरणार काय, टीव्हीचा रिमोट!

त्यात सून नव्या. ती घरूनच कुठल्याशा बेंगळुरूच्या कंपनीचं काम करी. बसायला हॉल होता, खोली होती, पण सासूनं गॅस पेटवला की ही लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी हजर. अंबूताई मनात म्हणत, बस, बस. पळी कधी हातात पडते याची वाट बघतेयस, मला काय कळत नाही?

अशात स्वयंपाकघर रंगवायचं निघालं. नव्या म्हणाली, वॉटर-बेस्ड घेऊ या, लवकर वाळतो, पिवळा पडत नाही आणि वासही येत नाही. बाईंनी कान टवकारले. वासाचं एवढं काय पडलंय हिला? नक्की हिला संशय आलाय, आता ही परीक्षा घेणार. त्यांनी ठणकावून सांगितलं की ऑइल पेंटच हवा, फोडणीचे शिंतोडे फडक्यानं निघाले पाहिजेत, पाण्यातला रंग पाण्यानंच जायचा. नव्यानं समजावून पाहिलं, तोही पुसता येतो म्हणाली. सात्विक मेटगळ्ळीच्या कारखान्यात निघाला होता. हेल्मेट चढवता चढवता त्यानं आईच्या बाजूनं कौल दिला. नागराज पेंटरनंही लगेच मान डोलावली. इतक्या लगेच डोलावली की बाईंना तेही खटकलं.

रंगाच्या दिवशी अंबूताई डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. पण दुपारी भजनाला गेल्यावाचून सुटका नव्हती. परतल्या तेव्हा भिंती फिकट पिवळ्या, चकचकीत झालेल्या. नव्या आणि नागराज दोघंही तिथंच उभे. बाईंनी पदर नाकाला लावला.

"अय्यो, काय हा वास! डोकं उठलं माझं. पण ऑइल पेंट म्हणजे ऑइल पेंट."

नागराजनं नव्याकडं पाहिलं. नव्यानं भिंतीकडं.

बाई पाय धुवायला मागच्या मोरीत गेल्या. मागोमाग नागराज आला आणि त्यानं नळाखाली ब्रश धरला. नुसत्या पाण्यानं रंग भराभर सुटू लागला. नवरा मशीनच्या टेबलाला ऑइल पेंट द्यायचा, तेव्हा टर्पेंटाइनवाचून ब्रश निघत नसे. बाईंनी स्वतः चोळले होते की. डबा बदलला, चोर सापडला! नागराजच्या सात पिढ्या उद्धरायला त्यांनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. आत्ताच तर दोघांसमोर ऑइल पेंटच्या वासानं आपलं डोकं उठलं होतं. त्या मोरीच्या कट्ट्यावरच टेकल्या.

नागराज गेल्यावर नव्या त्यांच्यापाशी येऊन खाली बसली. सासूला ती कानडी वळणानं अत्ते म्हणे.

"अत्ते, रंग मीच बदलायला सांगितला."

"माझी परीक्षा घ्यायला?"

"परीक्षा कसली? मला उगादीच्या सणापासून ठाऊक आहे. दूध करपत होतं आणि तुम्ही शेजारीच भाजी चिरत होता."

"मग हे कशाला?"

"ऑइल पेंटचा वास आठ-आठ दिवस घरात राहतो. त्या वासात गॅस सुटला असता तर मलाही कळला नसता. मग या घरात कुणाला कळणार?"

अंबूताईंना उंबऱ्यावरचा तो लॅपटॉप आठवला. रोजचा. त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला.

"सात्विकला बोललीस?"

नव्यानं मान हलवली. नाही.

द्वादशीला पहाटे अंबूताईंनी न्हाऊन, सोवळ्यानं पायस चढवलं. नव्याही न्हाऊन नेहमीसारखी उंबऱ्याशी येऊन टेकली. बाईंनी तिला जुन्याच संशयी नजरेनं खालीवर न्याहाळलं. मग भिंतीशी टेकवलेला दुसरा पाट त्यांनी स्वतः काढला आणि गॅसपाशी मांडला.

"तिथून काय कळणार तुला? आत ये."