ट्वायफर्डच्या पुढे कोणी गेलं नव्हतं

हत्तीकाका इतके बारीक होते की वारा सुटला की आमच्या गल्लीतले लोक आधी कचऱ्याचे डबे आत घेत आणि मग काकांना. हे मी आजवर अनेकांना सांगितलंय, आणि दर वेळी सायली, म्हणजे माझी बायको, शेजारून म्हणते, "याच्या बोलण्याला दहाने भागा." भागा खुशाल. दहाने भागूनसुद्धा काका एका कडेने दिसायचे नाहीत. इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, रेल्वेत तीस वर्षं गार्ड म्हणून काढलेल्या या माणसाचं वजन त्याच्या शिट्टीहून फार जास्त नव्हतं.

तरी त्यांना हत्तीकाका म्हणायचे, कारण आमच्या रीडिंग शहरातल्या मराठी मंडळींचा हत्ती त्यांच्या घरी राहत होता. भोंडल्याचा हत्ती. आमच्याकडे भोंडला नवरात्रातल्या एका शनिवारी, दुपारी, चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये होतो. मधोमध पाटावर हत्ती, भोवती मुलींचा आणि बायकांचा फेर, गाणी, आणि शेवटी खिरापत ओळखणं. पाट काकूंनी जुन्या कपाटाच्या फळीतून करून घेतला होता आणि त्यावर पांढऱ्या रंगाने स्वतः हत्ती काढला होता. त्याचा एक पाय आखूड झाला होता. कोणी म्हटलं, काका, देऊ का नीट रंगवून, की ते म्हणायचे, "तिने काढलाय तसाच राहील. लंगडतोय, पण येतोय ना दर वर्षी?"

आम्ही पुण्याहून आलो त्याच्या आदल्या वर्षी काकू गेल्या होत्या. भोंडला त्यांचा, खिरापतही त्यांची. त्यांची खिरापत म्हणे कधी कोणाला ओळखता आली नव्हती. जाताना त्यांनी काकांना एवढंच सांगितलं होतं की खिरापतीचा डबा बंद पडू देऊ नका. तोवर काकांनी चहासुद्धा केलेला नव्हता. साठी उलटल्यावर हा माणूस खिरापत करायला शिकला. आमच्या पहिल्या वर्षी त्यांच्या स्वयंपाकघरातून इतका धूर निघाला होता की शेजारच्या बाईंनी अग्निशामक दलाला फोन केला, आणि बंबावरच्या तीन धिप्पाड जवानांनी करपलेल्या शंकरपाळ्या खाऊन पाणी मागितलं. हे दहाने भागलं तर एकच जवान उरतो. पण त्याने खाल्ल्या.

डबा ख्रिसमसच्या चॉकलेटांचा होता, जांभळा, झाकणाला पोचा आलेला. पदार्थ काही असो, काका डब्यात राजम्याचे सात दाणे टाकायचे. खरा पदार्थ लोकरीच्या मोज्यात नाहीतर टॉवेलात गुंडाळलेला असायचा. डबा हलवला की राजमे खडखडायचे आणि फेरातल्या बायका ओरडायच्या, "चिवडा! दाण्याचे लाडू! चणे!" काका खुर्चीत पाय जुळवून बसायचे आणि अंदाज कितपत जवळचा आहे ते लंडनहून रीडिंगला येणाऱ्या गाडीच्या स्टेशनांच्या हिशेबात सांगायचे. अगदीच चुकीचा असला तर "अजून पॅडिंग्टन." थोडा बरा असला तर "स्लाऊ आलं." मग "मेडनहेड." फार जवळ पोचलं कोणी तर "ट्वायफर्ड". त्यानंतर रीडिंग, म्हणजे बरोबर उत्तर. पण ट्वायफर्डच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. एका वर्षी मंडळाच्या सेक्रेटरी असलेल्या वहिनींनी छातीठोक सांगितलं, "करंजी!" काका म्हणाले, "तुम्हाला झोप लागली. रीडिंग सोडून पुढे डिडकॉटला पोचलात." डबा उघडला तर आत करंज्याच. वहिनी भडकल्या. "अहो काका, ही करंजीच आहे!" "खाऊन बघा," काका म्हणाले. आत ब्रसेल्स स्प्राउट्सचं, म्हणजे इथल्या इवल्या कोबीचं, सारण होतं. वहिनी त्यानंतर दोन वर्षं काकांशी फक्त इंग्रजीत बोलल्या.

आमच्याशी त्यांची ओळख वाळक्या पानांवरून झाली. इरा तेव्हा चार वर्षांची होती आणि मुक्ता बाबागाडीत. काका तीन घरं सोडून राहायचे. शरद आला की आमच्या रस्त्यावरची सगळी झाडं एका रात्रीत अंगावरचे कपडे टाकून मोकळी होतात, आणि इरा प्रत्येक ढिगात उडी मारल्याशिवाय पुढे जात नसे. शाळा अर्ध्या मैलावर, आणि आम्हाला चाळीस मिनिटं. एका सकाळी काका फाटकाशी उभे होते. तिच्याकडे पाहून त्यांनी एकदम गार्डाचा आवाज लावला. एवढ्याशा छातीतून एवढा आवाज येतो हे पाहून समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली. "ही गाडी जलद आहे! फक्त तीन ढिगांवर थांबेल!" इरा तीन ढिगांवर थांबली. शाळा दहा मिनिटांत आली.

तेव्हापासून सायलीला आणि मला दोघांनाही लंडनला जायचं असेल त्या दिवशी मुली काकांबरोबर जायच्या. शाळेच्या फॉर्मवर मुलींना न्यायला कोण येणार आणि त्यांचं नातं काय, असं विचारलं होतं. मी लिहिलं, आजोबा. माझ्या आयुष्यातल्या थापांमध्ये ही सगळ्यात लहान, आणि तेवढी एकच पुढे खरी झाली.

संध्याकाळी मी स्टेशनवरून घरी यायचो तोवर अंधारलेलं असायचं. काकांच्या खिडकीत तिघं दिसायची. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर चेस्टनटच्या झाडाखालून वेचून आणलेले तपकिरी गोटे, आणि मुली ते चमकेपर्यंत घासत बसलेल्या. काका अभ्यास घ्यायचे नाहीत, गोष्टीही सांगायचे नाहीत. ते नुसते बघायचे. बुटाची लेस सुटायच्या आधी ती सुटणार हे त्यांना कळायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तीस वर्षं प्लॅटफॉर्मवर उभा राहिलोय. दार लावायच्या आधी चेहरे बघायचे. कोण पळत येणार, कोणाचं काय राहिलंय, चेहऱ्यावर दिसतं."

इराने खिरापत ओळखायचीच असा पण केला होता. तिची एक वही होती. काका कोणत्या दुकानातून कोणती पिशवी घेऊन आले, त्यांच्या घराबाहेर कसला वास आला, सगळं तीत लिहिलेलं. मुक्ता मात्र दर वर्षी एकच अंदाज सांगायची, "पास्ता!" काका दर वर्षी गंभीरपणे उत्तर द्यायचे, "पॅडिंग्टन. पण गाडी उत्तम आहे." इरा चिडायची. "आजोबा, काहीतरी हिंट द्या ना." मग ते म्हणायचे, "डब्याकडे काय बघतेस? ज्याने आणलाय त्याच्याकडे बघ."

गेल्या उन्हाळ्यात काका आजारी पडले. आजाराचं नाव त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. हात थरथरायला लागले, जिन्यावर दोनदा थांबायला लागले. शाळेची ने-आण बंद झाली. आता मुलीच शाळेतून आल्या की त्यांच्याकडे जायच्या. भोंडला जवळ आला तशी सायली म्हणाली, "काका, या वर्षी खिरापत मी करते. डब्यात तुम्ही भरा. कोणाला कळणार नाही."

"मला कळेल ना," काका म्हणाले. "तिचा डबा आहे. त्यात दुसऱ्याच्या हातचं घालून मी माझं म्हणून न्यायचं? नको ग."

त्या शनिवारी सकाळी सायली त्यांना औषध द्यायला गेली होती. दुपारी मी गाडीने त्यांना हॉलवर आणलं. मांडीवर डबा, दोन्ही हात झाकणावर. पाट मी उचलून मधोमध ठेवला, फेर सुरू झाला, आणि आम्ही नवरे नेहमीप्रमाणे मागच्या किचनमध्ये चहाच्या कपांशी उभे राहिलो. तिथे सायली आली. तिचा चेहरा उतरला होता.

"काकांनी काही केलेलं नाहीये," ती हळू आवाजात म्हणाली. "सकाळी मी बघितलं. गॅस पेटलेलाच नाही. ओट्यावर फक्त राजम्याची बरणी होती, आणि दाणे खाली सांडलेले."

"मग डब्यात?"

"तेच. चाळीस जणींच्या समोर उघडणार तो डबा. तू काहीतरी कर. एरवी तोंड चालतं ना तुझं!"

मी धावलो. समोरच्या दुकानात शिरलो आणि हाताला पहिलं लागलं ते उचललं. बाहेर येऊन बघतो तर क्रम्पेट्सचं, म्हणजे इथल्या जाळीदार पावांचं, पाकीट. तसंच जॅकेटखाली लपवून परत आलो. काहीतरी निमित्त काढून डबा आत घ्यायचा आणि भरायचा, असा बेत होता. पण गाणी संपली होती. डबा फिरून काकांच्या मांडीवर परत आला होता आणि अंदाज सुरू झाले होते.

"शेव!" "पॅडिंग्टन." "बाकरवडी!" "स्लाऊ." आवाज पहिल्यासारखा नव्हता. मागच्या रांगेतल्यांना ऐकू येत नव्हता. इराने वही काढून जुन्या वर्षांच्या पदार्थांची एकेक नावं वाचली. ती वाचत असताना तिच्या लक्षात आलं असावं. या वर्षी तिच्या वहीत पिशवी नव्हती, वास नव्हता, काहीच नव्हतं. ती मधेच थांबली, वही मिटली आणि बाजूला झाली. सेक्रेटरी वहिनी म्हणाल्या, "हरलो बाई! उघडा आता, काका."

काकांचे हात झाकणावरून हलेनात. मी तिथे जॅकेट पोटाशी धरून उभा होतो, आणि जन्मभर थापा मारलेल्या माझ्या तोंडातून एक शब्द फुटेना.

"माझा टर्न राहिलाय," मुक्ता म्हणाली.

सगळ्या हसल्या. पास्ता येणार हे ठरलेलं. मुक्ताने डबा घेतला, हलवला. सात राजमे खडखडले. तिने तो कानाला लावला नाही. खाली ठेवला आणि काकांच्या गुडघ्यांवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. सहा वर्षांचं पोर इतका वेळ कोणाकडे बघताना मी पाहिलेलं नाही.

"आजोबा, आत फक्त बीन्स आहेत," ती म्हणाली. "तुम्ही फूड केलंच नाही. तुमचे हात शेक होतात ना, म्हणून."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि मग त्यांनी पाठ ताठ केली आणि कुठून कोण जाणे, तो जुना आवाज काढला, छपरापर्यंत जाणारा.

"रीडिंग! ही गाडी इथेच संपते. सगळ्यांनी उतरून घ्या. आपलं सामान गाडीत विसरू नका."

डबा त्यांनी मुक्ताच्या हातात दिला.

सगळ्यांत आधी उठल्या त्या सेक्रेटरी वहिनी. त्यांनी पर्स उघडली आणि मुलासाठी ठेवलेली मनुकांची छोटी पेटी डब्यात टाकली. मग दुसरीने राइस केक टाकला, तिसरीने अर्धं सफरचंद. चाळीस पिशव्यांतून निघालं ते सगळं आत गेलं. मी माझं क्रम्पेट्सचं पाकीट टाकलं. बायका मला हसल्या, आणि त्या हसल्या म्हणून सगळ्यांना जरा श्वास घेता आला. काकांनी एक मनुका खाल्ली. बराच वेळ चघळली. म्हणाले, "ही तुमच्या काकूलासुद्धा ओळखता आली नसती."

याला दहाने भागू नका. हे जसं झालं तसं लिहिलंय.

ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे गेली त्या आठवड्यात काकांना हॉस्पिटलमध्ये नेलं. मुली दोनदा भेटायला गेल्या. दुसऱ्या वेळी इराने घासून चमकवलेला एक चेस्टनट त्यांच्या मुठीत ठेवला. नर्स म्हणाली, तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. इरा घरी आल्यावर खूप रडली. म्हणाली, "बाबा, मला आधी कळलं होतं. पण मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर आजोबांना वाईट वाटलं असतं." मी तिला जवळ घेतलं आणि खरंच बोलायचं म्हणून म्हटलं की तिचंही बरोबर होतं आणि मुक्ताचंही.

घर रिकामं करायला लीड्सहून त्यांचा मुलगा आला. इथेच जन्मलेला, भला माणूस. दारात पाट घेऊन उभा राहिला. "डॅडने सांगितला होता," तो म्हणाला, "हा पाट तुमच्या दोन मुलीला द्यायचा. आणि पेंट करायचा नाही."

केला नाही. हत्ती आता आमच्या जिन्याखाली, पावसाळी वेलिंग्टन बुटांच्या शेजारी राहतो. उद्या भोंडला आहे. आज सकाळपासून किचनचं दार बंद होतं, मला आणि सायलीला आत जायला बंदी होती, आणि आतून अधूनमधून भांडणाचे आणि खलबत्त्याचे आवाज येत होते. मघाशी दार उघडलं. मुक्ता डबा घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर धरून एकदा हलवला. सात राजमे. मी लगेच डबा घ्यायला हात पुढे केला.

"डब्याकडे नाही, बाबा," इरा मागून म्हणाली.

मी वर बघितलं. दोघींच्या नाकांवर पीठ होतं, आणि चेहरे असे बंद की कुठून शिरावं ते कळेना. मी म्हटलं, बेसनाचे लाडू. खोबऱ्याची वडी. घाईने म्हटलं, पास्ता.

मुक्ताने मान हलवली.

"पॅडिंग्टन," ती म्हणाली.