सासरवाडीत चौदा रुपये नग

आमच्या घराचा हिशोब कॅलेंडरच्या पाठीवर चालतो. महिना संपला की ते पान फाडायचं, उलटं करायचं आणि फडताळाच्या दाराला आतून चिकटवायचं. पुढच्या महिन्याचा जमाखर्च त्यावर. त्यासाठी कॅलेंडर औषधाच्या दुकानातून मिळतं तेच लागतं, कारण विकतच्या कॅलेंडरच्या पाठीवर पाककृती छापलेल्या असतात. आमच्या घरी कॅलेंडर सुलट्यापेक्षा उलटं जास्त वाचलं जातं, असं बायको म्हणते. ते खरं आहे.

मी रोह्याला एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळतो. राहायला पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात. घरात चौघे: वडील, बायको, बारावीतली मुलगी आणि मी. तीन वर्षांपूर्वी कंपनी मालक बदलल्यामुळे सात महिने बंद राहिली आणि त्याच सात महिन्यांत वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. एकेकटं आलं असतं तर निभावलं असतं. दोन्ही एकदम आल्यावर पतसंस्थेचं कर्ज काढलं, आणि ते पुरलं नाही म्हणून बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवून त्यावर आणखी काढलं.

कंपनी पुन्हा सुरू झाल्यापासून पतसंस्थेचा हप्ता मी एकदाही चुकवला नाही. त्याची मला काळजी नव्हती. तो हप्ता आहे, वेळ लागेल, फिटेल. काळजी पाटल्यांची होती. एकदा मुदत वाढवून घेतली होती, आता ऑगस्टअखेर शेवटची. बायको कधी काही मागत नाही, पण या एका गोष्टीवर ती स्पष्ट बोलली होती.

"पाटल्या घरी आल्या पाहिजेत. आणि आईला कळता कामा नये."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा पेणला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. सासरे गेल्यापासून त्या आणि माझा मेहुणा मिळून तो चालवतात. त्या पाटल्या त्यांनी मुलीच्या लग्नात घातल्या त्या नवऱ्याच्या पैशातून नव्हे, तर स्वतःच्या. दोन हंगाम आखणी करून, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवून, त्यांनी ते पैसे साठवले होते. म्हणून माहेरी जाताना बायको एक ग्रॅमच्या नकली पाटल्या घालून जायची आणि येताना एसटीत बसल्याबसल्या काढून पिशवीत टाकायची.

मार्चच्या शेवटच्या रविवारी मी आकडे मांडले. माझा पगार आणि बायकोच्या फॉल-पिकोचे मिळून महिना एकतीस हजार चारशे. त्यातून पतसंस्थेचा हप्ता आठ हजार दोनशे. पाटल्यांसाठी नऊ हजार बाजूला. उरलेल्या चौदा हजार दोनशेत चौघांचं घर: वाणी, दूध, वीज, गॅस, वडिलांची औषधं, मुलीचा पास, माझं पेट्रोल. याच्या खाली घर जात नव्हतं. मी सगळ्या बाजूंनी दाबून पाहिलं होतं. सोन्यावरचं कर्ज उरलं होतं चौसष्ट हजार. पाच महिन्यांत पंचेचाळीस फिटले असते. एकोणीस हजार कमी, वर व्याजाचे एक हजार सातशे पंचवीस. तूट वीस हजार सातशे पंचवीस.

"हे रविवारी कमवायला लागतील," मी म्हणालो. वडिलांना एकटं ठेवता येत नव्हतं, एकाने घरी राहायचंच होतं, आणि आठवडाभर ते बायको करत होती. तेव्हा रविवार माझे.

"पेणला घासकामाला माणसं कमी पडतात," बायको म्हणाली. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर जोडाची रेघ राहते. ती पॉलिश पेपरने घासून काढायची, हे ते काम. "पण आईकडे गेलात तर पैसे मिळायचे नाहीत. जावयाला मजुरी कोण देईल? वर गोडधोड वाढतील."

"म्हणजे तोटाच."

"तोटा कसला? शिरा मिळेल."

"शिऱ्यावर बँक पाटल्या देत नाही."

ती हसली, पण उपाय दोघांनाही दिसेना. शेवटी मी पेणच्या दुसऱ्या टोकाचा एक कारखाना गाठला. मालक मला ओळखत नव्हता. फूटभर उंचीच्या मूर्तीला पंधरा रुपये नग. सवयीचा माणूस दिवसाला शंभर घासतो. मी स्वतःसाठी सत्तर धरल्या. ऑगस्टअखेर बावीस रविवार होते. वीस धरले, दोन दुखण्याखुपण्याला सोडले. एकवीस हजार. मांडणी कागदावर चोख बसली.

पहिल्या रविवारी अडतीस झाल्या. प्लॅस्टरची पूड भुवयांवर, कानात, दातांत. बोटांची टोकं सोलवटली. दुसऱ्या रविवारी एक्कावन्न. तिसऱ्या रविवारी दुपारपर्यंत सव्वीस झाल्या होत्या आणि मी गोणपाटावर मांडी घालून सत्ताविसावी मांडीवर घेतली, तेवढ्यात दारातून ओळखीचा आवाज आला.

"पांढरा रंग हाय का रं डबाभर? आमची रंगाची गाडी उद्या येनार हाय."

माझ्या सासूबाई.

पेणमध्ये साचे, रंग, माणसं सगळं या कारखान्यातून त्या कारखान्यात उसनं फिरतं. पंचवीस वर्षं स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मी मान खाली घातली, पण पांढऱ्या भुवयांमागचा माणूस त्यांनी ओळखला.

"जावईबापू?"

मालकाच्या हातातला डबा तसाच राहिला. "काकू, हे तुमचे जावई? अहो, सकाळी मी यांना पेपर जपून वापरा म्हणून बोललो!"

"बोललास ते बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "पेपर महाग झालाय." मग माझ्याकडे न बघता, "हात धुवा. जेवायला चला. ताट वाढते."

मी मालकाकडून एकशे पंधरा नगांचे पैसे घेतले: एक हजार सातशे पंचवीस. म्हणजे तंतोतंत व्याज. त्या अवस्थेतही ते माझ्या लक्षात आलं आणि जरा बरं वाटलं.

सासरवाडीला पोचल्या पोचल्या त्यांनी ताट मांडलं. जेवताना भात वाढला, आमटी वाढली, आणि मग सुरुवात झाली.

"दुसऱ्याच्या दारात घासाय बसलात. आमच्या दारात लाज वाटली व्हय?"

"तसं नाही, आई."

"मग कसं? उद्या गल्ली बोलंल, म्हातारीनं जावयाला उपाशी ठेवलाय, बिचारा मजुरीला जातो. माझं घर काय बसलंय?"

"तुमच्याकडे पैसे मागता आले नसते."

"नसतेच दिले! जावयाला मजुरी देतात काय?"

"फुकट केलं असतं तर पाटल्या कशा सुटल्या असत्या?"

तोंडातून गेलं ते गेलं. मी वाटीतल्या आमटीकडे बघत राहिलो. बायकोने तीन वर्षं सांभाळलेली एकच गोष्ट मी तिसऱ्या रविवारी सांडली होती.

सासूबाईंनी माझ्या पानात आणखी एक डाव भात घातला. "त्या गहाण हायत ते ठाऊक हाय मला. दोन गौरी झाल्या. तिनं ताट उचललं तवा हातात खणखण वाजलं. सोनं असं वाजत नाय. माझ्या हातातनं गेल्यात त्या, मला ठाऊक नसनार?"

"मग बोलला नाहीत?"

"ती सांगत नव्हती. मी कशाला विचारू?" मग म्हणाल्या, "किती कमी पडतात?"

"एकोणीस हजार."

"घेऊन जा. सवडीनं द्या."

"नको, आई. एक देणं फेडायला दुसरं नको. बँकेचं निदान मुदतीने संपतं. तुमचं कधी संपलं हे तुम्ही मला सांगणारच नाही."

यावर त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या उठून कोनाड्यातून हजेरीची वही घेऊन आल्या.

"मग पुढच्या रविवारपासून हितं बसा. मजुरी तुमच्या नावावर नाय, मुलीच्या नावावर मांडीन. मुलीला द्यायला मला कोन अडवत नाय. सगळ्याचा हिशोब एकदाच, ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी."

"दर?"

"चौदा."

"तिकडे पंधरा होता."

"तिकडं जेवन होतं काय? आमच्या मानसांना चौदा हाय, जावयाला पंधरा दिला तर बाकीचे काय बोलतील?"

मी मनात आकडा केला. सत्तर नगांवर सत्तर रुपये जातात. पण घरच्या डब्याचे चाळीस वाचतात, आणि हा कारखाना स्टेशनजवळ, त्यामुळे रिक्षाचेही चाळीस वाचतात. दहा रुपयांचा फायदाच. "चालेल," मी म्हणालो.

"चालंल म्हनायला एवढा वेळ?" असं म्हणून त्यांनी वहीत आपल्या लेकीचं नाव घातलं.

घरी येऊन सगळं सांगितलं. बायको आधी चिडली, मग आईला फोन लावला, आणि मग दोघी पाऊण तास अशा काही बोलत बसल्या, की शेवटी मीच बाहेर जाऊन बसलो. वडील गॅलरीत होते. ते जन्मभर मिठागरावर राबले. मजुरी कशी असते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

"सासूकडं बसतोस?"

"हो."

"बस. पन पाटावर बसू नको. पाटावर बसला तो पाव्हना, आनि पाव्हन्याचं काम कोन मोजत नाय."

हे त्यांनी सांगितलं म्हणून बरं झालं. पुढच्या रविवारी कारखान्यात माझ्यासाठी खरोखरच पाट मांडून ठेवला होता, आणि बाकीची माणसं गालात हसत होती. मी पाट बाजूला केला आणि गोणपाट ओढून घेतलं. सासूबाईंनी ते पाहिलं. जाताना पाट आत घेऊन गेल्या.

ते चार महिने मला आठवतात ते सुखाचे म्हणूनच. रविवारी सकाळची गाडी, पेणला उतरून चालत कारखाना, दुपारी गरम जेवण, संध्याकाळी परत. शेजारी घासायला बसणाऱ्या बाया पहिल्या पहिल्यांदा माझ्यासमोर पदर सावरून गप्प बसत. जूनपर्यंत त्या मला, "जावईबापू, सोंडेला हलका हात लावा, लोखंड नाय ते," असं ऐकवायला लागल्या. सोंडेपाशी मी कच्चा होतो, ते खरंच. चार सोंडा माझ्या हातून गेल्या. त्या चार नगांचे पैसे धरू नका, असं मी सासूबाईंना सांगायला गेलो.

"ते मी आधीच धरले नाय," त्या म्हणाल्या.

मला फार बरं वाटलं. या बाईशी हिशोब करता येतो.

घरी चौदा हजार दोनशेचं रिंगण कुणी मोडलं नाही. मुलीने दोन पुस्तकं मैत्रिणीकडून घेतली आणि त्याचे वाचलेले पैसे स्वतः पानावर लिहिले. बायकोने रविवारची मासळी बंद केली; मी पेणला जेवतो आणि तिला एकटीसाठी करायचा कंटाळा येतो, हे तिचं कारण. वडील म्हणाले, "एकटीसाठी? मी काय भिंतीवरचं कॅलेंडर हाय?" दुसऱ्या रविवारी मांदेली आली. तीस रुपये जास्त गेले. ते मी माझ्या पेट्रोलातून काढले आणि दोन दिवस कंपनीत सायकलने गेलो.

जुलैत कंपनीची मालमोजणी निघाली आणि दोन रविवार बुडाले. एकोणिसाचे सतरा राहिले. मग मी हात वाढवला. शेवटी शेवटी दिवसाला नव्वदपर्यंत पोचलो होतो.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मुलीला आजोबांपाशी ठेवून आम्ही दोघं पेणला गेलो. सासूबाईंनी वही उघडली. त्यांचा आकडा आणि माझ्या खिशातल्या कागदावरचा आकडा एकच निघाला: तेराशे त्रेपन्न, वजा चार, तेराशे एकोणपन्नास नग. चौदाने अठरा हजार आठशे शहाऐंशी. त्यांनी नोटा दोनदा मोजून आपल्या लेकीच्या हातात दिल्या.

"एकशे चौदा कमी," मी म्हणालो.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. "अहो, माझ्याकडे आहेत," बायको म्हणाली.

"कुठून आले?"

"मांदेलीच्या आधीच्या रविवारी मासळी आणली नव्हती, त्याचे."

सोमवारी बँक उघडायच्या आधी आम्ही दारात होतो. बँकेतल्या बाईंनी कापडी पिशवी फोडली, वजन करून दाखवलं, सह्या घेतल्या. बायकोने पाटल्या तिथेच हातात घातल्या. पूर्वी साबण लावून चढवाव्या लागायच्या, आता सहज गेल्या. तिने हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, "चला, दूध आणायचंय."

संध्याकाळी मी नवं पान लावलं. पतसंस्थेचे अजून अठ्ठावीस महिने आहेत. नऊ हजारांच्या ओळीपुढे काय लिहायचं ते सुचेना, म्हणून ती तशीच सोडली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती आणायला पेणला गेलो. कारखान्यात उभं राहायला जागा नव्हती. सासूबाई आमच्याकडे पाठ करून एका मूर्तीचे डोळे आखत होत्या. अशा वेळी त्यांना कुणी हाक मारत नाही. बायकोने त्यांच्या शेजारी चहाचा पेला ठेवला. खाली वाकताना पाटल्या एकमेकींना लागल्या, बसक्या आवाजात, जेमतेम ऐकू येईल अशा.

ब्रश थांबला नाही. "हां," सासूबाई म्हणाल्या.

दुसरा डोळा पुरा केला, ब्रश पाण्यात टाकला, आणि मग वळून मला म्हणाल्या, "जावईबापू, उभे का? आता पाटावर बसा."

मी बसलो.