भोंगा खरं बोलला तेव्हा

त्याला आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते घेणारं आता कोणी उरलं नव्हतं. सगळे त्याला भोंगा म्हणत. निवडणूक लागली की गाडीवर कर्णे बांधायचे, पुढच्या सीटवर माईक धरून बसायचं आणि जो बोलावेल त्याचा उदोउदो करायचा, हा त्याचा धंदा. सकाळी एका पक्षाची गाडी, संध्याकाळी त्याच्या विरोधकाची, आणि मधल्या वेळात मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. "सकाळी ज्याला चोर म्हणालास, त्यालाच आता देव म्हणतोस?" असं कोणी छेडलं की तो म्हणे, "मी कुठे म्हणतो? भोंगा म्हणतो." लोक हसत आणि तोही हसे.

हे सगळ्यांनाच कळतं, अशी त्याची समजूत होती. एका माणसाला ते कळलं नव्हतं, आणि ती नेमकी त्याची सख्खी थोरली बहीण होती.

मागे एका निवडणुकीत तो नदीवरच्या पुलाबद्दल घसा ताणून ओरडत फिरला होता. पूल होणार म्हणजे होणारच. ताईचे यजमान नुकतेच गेले होते. तिने पलीकडच्या काठावर स्वस्तातली जागा बघून दोन खोल्या बांधल्या. पूल झाला की भाऊ हाकेच्या अंतरावर, असा तिचा हिशेब. उमेदवार निवडून आला आणि गावाच्या तोंडाला पानं पुसून मोकळा झाला. नदीत दोन खांब तेवढे उभे राहिले. त्यांवर बगळे बसतात.

"अगं, ते प्रचारातलं बोलणं. ते कोणी मनावर घेतं का?" तो तिला समजवायला गेला होता.

"मला प्रचारातलं काय कळतं," ताई म्हणाली. "मला तुझा आवाज ऐकू आला."

तेव्हापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. दिवसभर अख्ख्या गावाशी बोलणाऱ्या या माणसाला घरी 'जेवलास का' विचारणारं कोणी नव्हतं. कॉटखाली कर्णे, खुंटीवर वायरींची वेटोळी, आणि खिडकीतून नदीपल्याड दिसणारा ताईचा दिवा. तो मालवला की हाही आपला दिवा मालवायचा.

यंदा मतदानाच्या आदल्या दिवशी पलीकडच्या शाळेचं छप्पर खचलं. मतदान धान्याच्या गोदामात हलवावं लागलं. निवडणूक कचेरीतल्या साहेबांनी भोंग्याला बोलावून घेतलं. "तुमचा आवाज सगळे ओळखतात. तुम्हीच सांगा लोकांना." ओळखतात, तीच तर अडचण होती, पण साहेब गावात नवे होते.

त्याने होडीत कर्णा आणि बॅटरी घातली आणि पलीकडची गल्ली न् गल्ली पायी पालथी घातली. लोक दारात येऊन हसत होते. "या खेपेला कोणाचं मीठ खाल्लंस, भोंगेसाहेब? आम्हाला भलतीकडे पाठवून कोणाची मतं बुडवायची आहेत?" दुधाने तोंड पोळलेली माणसं ती. त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल?

ताईच्या दारात त्याने माईक बंद केला. ती उद्यासाठी घडीचे कपडे काढून ठेवत होती. मतदान तिने एकदाही चुकवलेलं नव्हतं.

"ताई, शाळेत जाऊ नकोस. मतदान गोदामात आहे. गोदाम लांब पडतं, तुझे गुडघे दुखतात. मी न्यायला येऊ का?"

इतक्या काळानंतर ती पहिल्यांदा बोलली. "पैसे कोण देतंय?"

"सरकार," तो म्हणाला. ते खरं होतं. तिने दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी स्वतःचं मत टाकून तो पलीकडे गेला आणि गोदामाच्या दाराशी उभा राहिला. माणसं तुरळक येत होती, तीही शाळेवरून वळून, शिव्या देत. बाकीची तिथूनच घरी परतली होती. शाळेच्या दारावर सूचनेचा कागद होता, पण निवडणुकीत भिंतीवर चिकटवलेलं कोण वाचतं? आज ना उद्या ताईला आपलं खरं वाटेल, आणि तो दिवस आजचाच असेल, या आशेने तो रस्त्याकडे डोळे लावून होता. शेवटी गोदामाचं दार बंद झालं, तेव्हा तो शाळेकडे पळत सुटला.

ताई पायरीवर बसली होती. घडीचे कपडे धुळीने माखले होते. गोदामाकडे निघाली होती, पण गुडघ्यांनी कोपऱ्यापर्यंतच साथ दिली आणि ती परत येऊन बसली होती.

"कुलूप आहे," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे काल तू खरं बोलत होतास."

"हो, ताई."

ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. रागाने नव्हे, खरंच काही शोधत असल्यासारखी. "मी कसं ओळखायचं रे?" ती म्हणाली. "पुलाच्या वेळीही तू अगदी असाच बोलला होतास."

तिला उठवायला त्याने हात पुढे केला. ताई त्या खचलेल्या शाळेची भिंत धरून उठली आणि घराकडे चालू लागली.