टच लागला तं हात वर

लायब्ररीतली पुस्तकं परत यायला वर्ष लागतं, किस्से मात्र न मागता येऊन पडतात. माझ्याकडचे बहुतेक किस्से कबड्डीच्या टीमचे. त्यातली माझी पात्रता एवढीच, की माझ्याकडे एक कपाट रिकामं होतं.

आमचे क्रीडा शिक्षक रिटायर झाले आणि जागा काही भरली नाही. प्रिन्सिपल सर म्हणाले, "मॅडम, किट ठेवायला जागा आहे का तुमच्याकडे?" मी म्हटलं, आहे. आधी किट आलं, मागोमाग टीम आली. मला कॉलेजचा जिना चढताना धाप लागते, पण ऑर्डरवर मी 'टीम मॅनेजर'.

*

पहिल्याच मॅचला आमच्या रोशननं चालू खेळात हात वर केला. मला वाटलं, पोराला बाथरूमला जायचंय. मी उभी राहून पंचांना ओरडले, "अहो, जाऊ द्या ना त्याला!"

सगळं ग्राउंड हसलं. मग गोलू, आमचा सगळ्यात वजनदार गडी, कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, तो आउट झाला जी. टच लागला तं हात वर कराचा, अन् आपल्या पायानं निंगाचं."

"पण पंचांनी पाहिलंच नाही."

"गावात पंच राहतेच कुठं? ज्याले लागला त्याले मालूम राहते ना."

कबड्डीचा मला कळलेला हा एकमेव नियम. पुढे वर्षभर तो मी लायब्ररीत येईल त्याला सांगत होते, जणू मीच काढलाय.

*

झोनमध्ये पहिले आल्यावर पोरांनी पार्टी केली. आसगावच्या पलीकडे, गोलूच्या मामाच्या शेतात, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून. तीही भर दुपारी, कारण अर्ध्या टीमला अंधार पडायच्या आत घरी हजर व्हायचं होतं. मला सांगितलं, सराव शिबिर आहे. मी विश्वास ठेवला आणि वरून चहासाठी माझा थर्मास दिला. तो परत आला तेव्हा त्यात कोंबडीचा रस्सा होता.

पण थर्मास परत आला तो पोलिस ठाण्यातून. तलावाचे राखणदार मनसाराम काका गाण्याचा बॉक्स बंद करा म्हणून सांगायला आले होते. बाचाबाची झाली, कोणीतरी ढकललं, आणि काका पाळीवरून खाली दगडांवर गेले. हात मोडला, डोक्याला टाके पडले. पोरांनीच त्यांना गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. पोलिसही तिथंच आले.

*

पोरं तुमचं ऐकतात, असं म्हणून सरांनी मलाच ठाण्यात पाठवलं. जमादार म्हणाले, "तुमी कोच काय जी?"

"लायब्ररियन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थर्मासकडे पाहिलं, आणि पुढं काही विचारलं नाही.

सातही पोरं रांगेत उभी होती. ठाणेदार साहेबांनी विचारलं, "म्हाताऱ्याले हात कोणं लावला?"

सगळे जमिनीकडे बघत राहिले. रोशननं हात वर केला. नुसता वर केला नाही, रांगेतून बाहेर निघून भिंतीपाशी जाऊन बसला. आउट झालेला गडी बसतो ना, तसा.

बाकीचे सहा घरी गेले. गुन्हा त्याच्या एकट्यावर लागला.

जामीन झाल्यावर मी चिडून विचारलं, "तू ढकललंस?"

"नाही जी. काका खाली चालले होते, म्हणून मनगट धरलं. सुटलं."

"मग काहून हात वर केलास?"

"हात तं लागला ना मॅडम."

"आणि ढकललं कोणी?"

"ते ज्याचं त्यानं सांगाचं."

*

इथं एक सांगायला हवं. रोशनचं पोलिस भरतीत नाव लागलं होतं. ग्राउंड झालं, पेपर झाला, मेडिकल झालं. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी. ती करणार तेच ठाणं, आणि तेच जमादार.

त्याची आई हातमागावर बसते. तिनं शेजारीपाजारी सांगून टाकलं होतं, आता आमच्या घरी पोलिस येणार. आले.

*

मनसाराम काकांनी खरं सांगितलं तर पोरगा सुटेल, असं वाटून मी त्यांच्या घरी गेले. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून डझनभर केळी नेली. उजवा हात प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला केळी नेणारी मीच. शेवटी सोलून एकेक त्यांच्या हातात देत बसले.

"काका, आठवा ना, कोणी ढकललं?"

"पाठीमागून झालं बाई. कोण, ते नाही दिसलं." त्यांनी केळं संपवलं. "मनगटाले एकाचा हात होता, तेवढा याद आहे. पोलिसाले तेच सांगितलो."

मी उरलेली केळी तिथंच ठेवून आले.

*

वकील साहेब माझ्या माहेरच्या ओळखीतले. सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, रोशनकडे बघितलं आणि मला म्हणाले, "ताई, केस मी लढतो. तुम्ही फक्त याले हात खाली ठेवाले शिकवा."

केस अजून चालू आहे. तारखा पडतात. भरतीत त्याच्या जागी खालच्या नंबरच्या पोराला घेतलं.

*

या वर्षी झोनची फायनल आमच्याच ग्राउंडवर झाली. केसचा निकाल लागेपर्यंत रोशनला खेळवायचं नाही, असं कॉलेजनं ठरवलंय. तो माझ्याजवळ पाण्याच्या बाटल्या घेऊन बसला होता. गोलू ठाण्यातल्या त्या दिवसापासून आमच्या बाजूला फारसा येत नाही. पाणीही दुसऱ्याला पाठवून मागवतो.

आम्ही एका पॉइंटनं पुढं होतो आणि शेवटची रेड समोरच्या टीमची. त्यांचा गडी आत आला, वाकला, आणि परत फिरता फिरता त्याची बोटं गोलूच्या गुडघ्याला लागून गेली. मला दिसलं, म्हणजे विचार करा. तो गडी ओरडत होता, "टच, टच!" पंच दुसऱ्या बाजूला होते. त्यांनी गोलूकडे पाहिलं.

गोलू जमिनीकडे बघत उभा राहिला.

पंचांनी नाही म्हणून मान हलवली आणि लांब शिट्टी मारली. पोरं नाचायला लागली. प्रिन्सिपल सर टाळ्या वाजवत उठले.

माझ्या शेजारी रोशननं बाटल्या खाली ठेवल्या. हात वर केला, उठला, आणि भिंतीपाशी जाऊन बसला.