सिनेतारकेचं सासर

उर्वशीबाईंच्या नावाआधी पोस्टरवर छापलेलं ‘मुंबईची सिनेतारका’ हे बिरूद अगदी खरं नव्हतं आणि अगदी खोटंही नव्हतं. बाई जन्मल्या धानोऱ्याला, तेंदूपत्ता तोडणाऱ्याच्या घरात. पण ऐन चोविशीत त्यांनी मुंबईला जाऊन एका सिनेमात काम केलं होतं. नर्सचं. नायकाला इंजेक्शन द्यायचं आणि ‘थोडं दुखेल हं’ म्हणायचं. सिनेमा ब्रह्मपुरीच्या टॉकीजला लागला तेव्हा ओळखीपाळखीची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली, आणि तंबाखू मळायला ज्याने मान खाली घातली, त्याची उर्वशी हुकली.

वडशाच्या नाटक कंपन्यांना तेवढंही पुष्कळ होतं. धान कापून झालं की पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. लेकी-जावई, सोयरेधायरे सगळे त्या निमित्ताने गोळा होतात. अशा पाहुण्यांसमोर साधी नटी उभी करून कसं चालेल? सिनेतारकाच पाहिजे. आता तारका म्हटली की बोलणंही मुंबईचं हवं, म्हणून कंपनीच्या मालकाने उर्वशीला बजावून ठेवलं होतं, “गावात गेल्यावर मले-तुले करू नको. भूक लागली तरी शुद्ध बोल.”

एका गावात स्टेज बांधणं चालू असताना तिच्या पायावर फळी पडली आणि शुद्ध भाषा जागच्या जागी मेली. “अवं माय वं! पाय गेला माहा!” ती फळी ट्रॅक्टरवरून उतरवणारा धनराज घाबरायच्या ऐवजी हसत सुटला. “मुंबईच्या लोकायले बी अशीच माय आठवते का वं?” पाय सुजला होता, राग तर त्याहून सुजला होता. तरी पुढच्या मंडईत तो दिसतो का म्हणून तिने पडद्याच्या फटीतून तीनदा पाहिलं, हे तिने स्वतःच पुढे साऱ्या गावाला सांगितलं.

त्याच साली मुंबईहून पुन्हा बोलावणं आलं. या वेळी नायिकेच्या बहिणीचं काम, पण दिवाळीपासून होळीपर्यंत तिथेच राहायचं. नेमका इकडचा नाटकांचा हंगाम. आणि इकडे धनराज. तिने त्याला सरळ विचारलं, “लग्न झाल्यावर नाटक करू देशीन?” तो म्हणाला, “लग्न झालं म्हणून कोनी धान कापनं सोडते का?” उर्वशीने मुंबईला ‘नाही’ म्हणून कळवलं. आजही कॉलेजची पोरं मोबाइल पुढे धरून विचारतात, ताई, पस्तावा होत नाही का? ती हसते. “मुंबईनं मले हाकललं नाई अन् मी मुंबईले लाथ मारली नाई. मले घरच्या लोकायसमोर उभं राहाचं होतं, मी राह्यली. पस्तावा कायचा?”

पण या घरच्या लोकांतच एक अट होती. धनराजचे वडील गुणवंतराव म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. स्वतः मंडईच्या नाटकाकडे कधी फिरकत नसत. लग्नाआधी त्यांनी उर्वशीला अंगणात समोर बसवून सांगितलं, “साऱ्या झाडीत नाटक कर. माही ना नाई. पन या गावच्या मांडवात पाय ठेवाचा नाई. हा शब्द दे.” तिने दिला. काऊन म्हणून विचारायची त्या काळी सुनेची हिंमत नव्हती.

शब्द पाळला तो असा की गावात मंडई असली की ती नेमकी दुसऱ्या कुठल्या तरी गावात रंग लावून उभी. बाकी सासरकडून काही कमी पडलं नाही, हे बाई कुणालाही छातीठोकपणे सांगतात. सासू गुणाबाईंनी नातीला, दिव्यानीला, अंगाखांद्यावर वाढवलं. उर्वशी पहाटे परत आली की आधी चुलीवरचं गरम पाणी पायावर ओतायच्या आणि मग विचारायच्या, “कालच्या गावात रडले का लोक?” रडले म्हटलं की त्यांना बरं वाटायचं. असली सासू नशिबाने मिळते. त्या गेल्या तेव्हा उर्वशी इतकी रडली की नाटकात तिने तसं रडणं पुढे कधी केलं नाही. तिला ते चोरी केल्यासारखं वाटायचं.

तरी एक काटा होता. सारी झाडी आपल्याला टाळ्या वाजवते आणि सासऱ्याला मात्र आपली लाज वाटते, असं तिने मनात धरलं होतं. बोलली कधीच नाही.

यंदा दोन गोष्टी एकदम झाल्या. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून उर्वशीने हा हंगाम शेवटचा, असं ठरवून टाकलं. आणि मंडई मंडळाचा अध्यक्ष वारलू दारात येऊन उभा राहिला. “वहिनी, साऱ्या जगानं तुमचं नाटक पाह्यलं, आमीच तेवढे उपाशी. यंदा तुमचीच कंपनी आनतो. सासूचं काम तुमचं.” यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला पक्कं कळत होतं. धनराज म्हणाला, “मी इचारतो बाबाले.” ती म्हणाली, “नाई. शब्द मी देल्ला, सोडवून बी मीच घेईन.”

दुपारी ती खळ्यावर गेली. धानाच्या पुंजण्याला टेकून गुणवंतराव काठीने पाखरं हाकत बसले होते. वय ऐंशीच्या पुढे गेलेलं, पण काठीचा नेम अजून पक्का. उर्वशी जवळ जाऊन खाली बसली. एवढ्या गावांत हजारो लोकांसमोर उभी राहिलेली बाई, आणि इथे तिने एकच वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं.

“मामाजी, या वर्सी आपल्या गावच्या मांडवात काम करू का? तुमी नाई म्हनलं तर नाई.”

गुणवंतरावांनी धानावर उतरलेली पाखरं आधी हाकलली. मग म्हणाले, “मले या गावात काय म्हनत होते, तुले मालूम हाय?”

तिला माहीत होतं. जुनी माणसं त्यांना ‘मैना’ म्हणायची आणि ते चिडायचे. खेड्यात कुणाला काय नाव पडेल याला धरबंद नसतो, म्हणून तिने कधी विचारच केला नव्हता.

“दंडारीच्या नाचात मैनेचं काम करो मी. तवा बाया नाचत नव्हत्या, पोट्टेच लुगडं नेसत. लय चांगली केली मैना, आनी तितंच फसलो. मंग बाजारात मैना, सोयरिकीत मैना. माहा बाप सरनावर जळत होता, तवा मांगून एक जन म्हने, ‘मैना, लाकूड सरकव.’” त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “तुले बी या गावानं असंच नाव ठेवलं असतं. ते तुले चिकटलं असतं, मंग दिव्यानीले. बाहेरचे लोक टाळी वाजवून घरी जातात वं. गाव नाई जात.”

उर्वशीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ज्याला ती लाज समजत होती, ती म्हाताऱ्याने आपल्या परीने घातलेली पाखर होती. तिला स्वतःचाच राग आला आणि त्या माणसाबद्दल माया दाटून आली. “मले सांगाचं ना मामाजी,” एवढंच ती म्हणाली.

“काय सांगू? मैना होतो म्हनून?” म्हाताऱ्याने एक पाखरू हाकललं. “आता मैना म्हननारं कोनी राह्यलं नाई. वामनराव शेवटचा होता, तो बी पोळ्याच्या मांगं गेला. आता वाटते, कोनीतरी हाक मारावी एकडाव.” मग एकदम, “कोनतं काम हाय तुहं?”

“सासूचं.”

“चालून दाखव.”

ती उठली, कमरेवर हात ठेवून तोऱ्यात चार पावलं चालली. या चालीवर प्रत्येक गावात हशा पिकायचा. गुणवंतरावांनी मान हलवली. “सासू का फौजदार हाय वं? अशी नाई.”

त्यांनी काठी पुंजण्याला लावून ठेवली. गळ्यातला दुपट्टा डोक्यावरून घेतला, एक टोक दातात धरलं, आणि मोडक्या गुडघ्यांनी खळ्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मग चालले. पाऊल आधी टाच टेकवून, कंबर जेमतेम हललीशी, मान जरा वळलेली, जणू मागून कुणीतरी बघतंय हे माहीत आहे पण दाखवायचं नाही. खळ्यावर त्या घटकेला म्हातारा नव्हताच. बैलांना पाणी पाजायला आलेला धनराज दोर हातात धरून तसाच उभा राहिला. आपल्या बापाला असं त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

पलीकडच्या कडेला पोचून ते थांबले, दम लागला होता. मागे वळायची मात्र त्यांची हिंमत होत नव्हती.

उर्वशीने पदराने नाक पुसलं, दोन बोटं तोंडात घातली आणि मांडवातल्या शेवटच्या रांगेतून येते तशी सणसणीत शिट्टी मारली.

“वन्स मोअर, मैना! वन्स मोअर!”

“बेशरम!” म्हातारा ओरडला, आणि दुपट्टा नीट करून पुन्हा चालायला लागला.