नाव न विचारणाऱ्या डॉक्टरबाई

इतक्या माणसांची नावं इतक्या मायेनं विसरलेली बाई आमच्या पांढुर्ण्यातच काय, अख्ख्या मुलखात दुसरी सापडायची नाही. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर आठ वर्षांपासून डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे. त्यांना एकाही पेशंटचं नाव येत नाही, आणि एकाही पेशंटचं दुखणं त्या विसरत नाहीत. मी त्यांचा घरमालक, मराठी शाळेतला मास्तर. पण त्यांच्या लेखी मी 'ॲसिडिटी' आहे आणि आमची ही 'थायरॉईड'. आम्ही दोघं बाहेर निघालो की खिडकीतून आवाज येतो, "काय ॲसिडिटी, थायरॉईडले घेऊन कोठं चालले?" रामाकोन्याच्या एका लग्नात तर त्यांनी भर मांडवात नवरदेवाच्या वडिलांना लांबूनच विचारलं, "काय मूळव्याध, बसता येऊन राहिलं का आता?" मुलीकडच्यांना व्याह्यांची ही माहिती अक्षता पडायच्या आधीच मिळाली. हे बरं नव्हे, असं हिनं त्यांना नंतर समजावलं, तेव्हा बाई खरोखर ओशाळल्या. त्या माणसाच्या घरी जाऊन त्यांनी माफी मागितली, आणि गेल्यासारखं त्याला तपासूनही आल्या. तेव्हापासून नाजूक दुखणी त्या हळू आवाजात पुकारतात. त्यांचा हळू आवाज आमच्या गच्चीवर स्पष्ट ऐकू येतो.

बाई मूळच्या मोहगावच्या. सौंसरला सरकारी नोकरी करून निवृत्त झाल्या आणि आमच्याकडे भाड्यानं आल्या. उंची बेताची, अंगावर सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि चष्मा कपाळावर. तो त्या दिवसातून चारदा शोधतात. भिंतीवर बुद्धाचं एक शांत चित्र आहे. दवाखान्यातली तेवढीच काय ती शांतता. कारण रांगेतल्या माणसाला बाई रिकामं बसू देत नाहीत. जो येईल त्याच्या पुढ्यात मेथीची जुडी. कोणाचा हात थरथरतो, कोणाला जवळचं दिसत नाही, कोणाला खाली वाकलं की धाप लागते, हे त्या आतून बघत असतात. माणूस खुर्चीवर येईपर्यंत त्याची निम्मी तपासणी झालेली असते. निवडलेली मेथी मात्र आमच्या स्वयंपाकघरात येते. गावात खोकल्याची साथ आली की आम्ही आठवडाभर मेथी खातो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, दोन गावांच्या दगडफेकीची जुनी रीत. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि मधे उडणारे दगड. त्या दिवशी बाई सकाळपासूनच सुईदोरा तयार ठेवून बसतात, आणि बाकावर दोन्ही काठांची फुटलेली डोकी शेजारी शेजारी बसलेली असतात. एका वर्षी तिथंही वाद पेटला, आधी आपल्या गावचा माणूस पाहा म्हणून. बाईंनी मान वर न करता सांगितलं, ज्याचं रक्त जास्त वाहतंय तो आधी, गाव मागाहून. दोन्ही गावं चूप बसली. टाके घालणाऱ्या माणसाशी कोण भांडणार?

मागच्या थंडीत तिगाव स्टेशनाजवळच्या पडीक जागेवर दहा-बारा कुटुंबं पाल ठोकून राहिली. भंगार गोळा करायची. आपसात बंगाली बोलायची. कोणी म्हणे आसामकडची आहेत, कोणी म्हणे सरहद्दीपलीकडून आली आहेत. कागद एकाकडेही नव्हता. एका सकाळी त्यांच्यातला एकजण भंगाराच्या हातगाडीवर आपल्या बायकोला घालून दवाखान्यात घेऊन आला. तिला आठवा महिना होता. पाय सुजून खांब झालेले, डोकं फुटेल असं दुखत होतं, समोरचं धूसर दिसत होतं. नवऱ्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं ते एवढंच, की आधी जिथं गेलो तिथं आधार कार्ड मागितलं, ते घेऊन या म्हणाले.

बाईंनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि एक इंजेक्शन दिलं. मग जिन्याखाली येऊन मला हाक मारली. गाडी काढा म्हणाल्या, हिला सौंसरला न्यायचं आहे. मी शाळेचे कपडे घालून उभा होतो. खरं सांगतो, माझ्या मनात त्या गरोदर बाईचा विचार आधी आला नाही, माझ्या नोकरीचा आला. मी म्हणालो की आधी ठाण्यात कळवू, कुठले कोण आहेत ते आपल्याला माहीत नाही, उद्या घर माझं, गाडी माझी.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, पोट तपासलं मी. लेकरू कोणत्या देशाचं आहे ते त्यात दिसत नाही. हिले आता झटका आला तर दोघं जातीन. तुम्ही मंग ठाण्यात जाऊन काय कळवान?"

त्यांनी मला मास्तर म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. गाडी काढली. सौंसरपर्यंत मागच्या सीटवर बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि तिला समजो न समजो, आमच्याच बोलीत तिच्याशी बोलत होत्या. बाईंच्या हाताखाली शिकलेली एक डॉक्टर तिथं नर्सिंग होम चालवते. तिनं लगेच ऑपरेशनला घेतलं. अर्ज भरताना पत्त्याचा रकाना आला तेव्हा बाई क्षणभर थांबल्या, आणि त्यांनी माझ्या घराचा पत्ता लिहिला. तो खोडा म्हणायला मी तोंड उघडलं. पण तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती. मांजराच्या पिल्लाएवढी, पण आवाज दणदणीत. तिच्या बापानं माझे दोन्ही हात धरले. मी काहीच केलं नव्हतं, उलट अडवायला निघालो होतो, हे त्याला सांगावं असं फार वाटलं. हिंदी येत असूनही सांगितलं नाही.

बातमी गावात पसरली. तीन प्रतिष्ठित माणसं दवाखान्यात आली, तिघंही बाईंचे पेशंट. अशा लोकांना औषध दिलं की ते इथंच मुक्काम ठोकतील, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी ते सगळं ऐकलं, ऐकता ऐकता तिघांचाही रक्तदाब मोजला आणि एकाला मीठ बंद करायला सांगितलं. दोन दिवसांनी ठाण्यातून एक साहेब आले. सभ्य माणूस होता. कोण आहेत, कुठले आहेत, आणखी कोणाला तपासलं, असं विचारत राहिला. बाई त्याला म्हणाल्या, "मी कोणाले लपवलं नाही साहेब. त्यांना इथं ठेवायचं की पाठवायचं, ते सरकारनं पाहावं. पण दवाखान्यात आलेला माणूस माझा आहे. त्याची खबर द्यायला लागली तर उद्या मरायले टेकला तरी कोणी येणार नाही." साहेबांनी चहा घेतला आणि जाताना आपल्या गुडघ्याचं विचारून गेले.

पण रांग रोडावली. जुनी माणसं दुसरीकडे जाऊ लागली. मेथी तशीच जुडीत सुकू लागली. एका दुपारी बाई एकट्याच बाकावर बसून मेथी निवडत होत्या. मी शेजारी बसलो. त्या आपणहून बोलू लागल्या.

"माझ्या आईले ताप होता. एका डॉक्टरकडे नेलं. त्यानं आधी नाव विचारलं, मंग आडनाव. आडनाव ऐकलं अन् म्हणे, अंगणातच थांबा. नाडी पाहिली नाही. पुडी वरून टाकली आईच्या ओंजळीत. मी आठ वर्षांची होती. तवाच ठरवलं, डॉक्टर झाली तर नाव शेवटी विचारीन." मग किंचित हसून म्हणाल्या, "शेवटी विचारू म्हणता म्हणता राहूनच जाते."

आठ वर्षं आम्ही ज्याला विसराळूपणा म्हणून हसत होतो, ते हे होतं. मी एक जुडी ओढून घेतली.

हळूहळू रांग पुन्हा भरली. दुखणी माणसाला जास्त दिवस मानी राहू देत नाहीत. बाळाला दीड महिना झाला की पहिली मोठी लस, असं बाईंनी त्या आईला बोटांवर मोजून समजावलं होतं. ती आपली मान डोलावत राहिली होती. ठरलेल्या दिवशी बाईंनी बर्फाच्या डब्यात लस आणून ठेवली; बर्फ वितळला की ती वाया जाते. बारा वाजले, दोन वाजले. मग त्या डबा घेऊन माझ्या गाडीत येऊन बसल्या. या वेळी मी सरळ गाडी सुरू केली.

तिगावला ती जागा मोकळी होती. तीन-चार विझलेल्या चुली, प्लास्टिकच्या चिंध्या, एक तुटकी टोपली. कोणी उठवलं की आपणहून गेले, ते कळेना. स्टेशनसमोरचा चहावाला म्हणाला, चार दिवस झाले, सकाळच्या गाडीनं गेले. नागपूरकडे की इटारसीकडे, त्यानं पाहिलं नव्हतं. बाई फलाटावर गेल्या आणि रूळ आधी एका बाजूला दूरवर पाहिले, मग दुसऱ्या बाजूला. डबा छातीशी धरलेला होता.

परतताना त्या डबा मांडीवर घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "जिथं गेले तिथं असंल ना कोणी डॉक्टर?"

"असेल," मी म्हणालो.

"टोचून देईन ना तो?"

मी हो म्हणालो. बाईंना ते खरं वाटलं की नाही, कोण जाणे. त्यांनी मांडीवरच्या डब्याचं झाकण किंचित उघडून बर्फ किती उरलाय ते पाहिलं, आणि मला गाडी थोडी जोरात घ्यायला सांगितली.